फुंडेबाबूंचे हेडशॉट

पंचावन्नाव्या वर्षी चैतराम फुंडे यांच्या लक्षात आलं, की जगात आपला एकट्याचा असा एकही धड फोटो नाही. फोटो पुष्कळ होते, नाही असं नाही. मुलीच्या लग्नाच्या अल्बमात ते होते, पण व्याह्यांच्या खांद्याआड. साहेबांच्या निरोप समारंभाच्या फोटोत होते, पण शालीचं एक टोक धरणारा हात तेवढा त्यांचा. उज्जैनच्या सहलीचे सगळे फोटो त्यांनी स्वतः काढलेले, त्यामुळे त्यांत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. राहता राहिला आधार कार्डावरचा. तो बघून एका बँकेतल्या पोरीने "ये आपके कौन हैं?" असं विचारलं होतं, तेव्हापासून ते कार्ड उलटं धरूनच दाखवत.

हे सगळं लक्षात यायचं कारण म्हणजे मोबाइलवर आलेला एक निरोप. उकव्याकडच्या जंगलात कुठल्याशा वेब सिरीजचं शूटिंग होणार होतं, आणि त्यांना 'लोकल चेहरे' हवे होते. फुंडेबाबू बालाघाटात एका सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. त्यांनी दुपारच्या डब्यानंतर, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, त्या नंबरावर 'इच्छुक' एवढा एकच शब्द पाठवला. उत्तर लगेच आलं. दीपिका नावाची कोणी मुलगी होती. पटवारीचा, म्हणजे तलाठ्याचा रोल आहे, म्हणाली. दोन डायलॉग. "सर, प्रोफेशनल हेडशॉट भेजिए. एक सामने से, दो प्रोफाइल. शनिवार तक."

त्यातला 'सर' फुंडेबाबूंनी पुन्हा पुन्हा वाचला. कचेरीत 'सर' ते दुसऱ्याला म्हणत. आपल्याला कोणी म्हटल्याचा अनुभव त्यांना नवीन होता.

डायलॉगही आले. पहिला, "साहब, ये ज़मीन सरकारी है." दुसरा, "मैं इसमें क्या कर सकता हूँ?" दुसरा तर ते आयुष्यभर रोज म्हणत आले होते, तोसुद्धा मनापासून. इतक्या तयारीचा पटवारी त्या दिग्दर्शकाला साऱ्या मध्य प्रदेशात सापडला नसता. म्हणजे अडलं होतं ते फक्त फोटोपाशी. एकदा, फक्त एकदा, आपण पडद्यावर मधोमध दिसावं आणि पुढे कोणाचा खांदा नसावा, एवढीच फुंडेबाबूंची मागणी होती. माणसाने देवाकडे याहून फार मोठ्या गोष्टी मागितलेल्या आहेत.

काम होईपर्यंत बायकोशिवाय कोणाला सांगायचं नाही, असं ठरवून ते शेजारी वीरेंद्रकडे कोट मागायला गेले.

वीरेंद्रचा धानाचा व्यापार होता आणि राजकारणाचा शौक. म्हणजे स्वतः उभा राहायचा नाही, पण दुसरा कोणी बसलेला दिसला की त्याला उभा करायचा.

"कोट कायले पाह्यजे, भाऊजी?"

"फोटो काढाचा हाये."

"कोनाचा?"

"माहा."

"एकट्याचा?" वीरेंद्रने टीव्हीचा आवाज कमी केला. "कायले जी?"

"असाच," फुंडेबाबू म्हणाले.

इथे त्यांची पहिली चूक झाली. बालाघाटात पन्नाशी ओलांडलेला माणूस दुसऱ्याचा कोट घालून एकट्याचा फोटो 'असाच' काढत नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत, आणि त्यातलं जिवंत माणसाला लागू पडणारं कारण एकच.  वीरेंद्रने आतून कोट आणून स्वतःच्या हाताने तो फुंडेबाबूंना चढवला, खांदे झटकले, आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "मले सारं समजलं. तुमी फिकर नोका करू." फुंडेबाबूंना वाटलं, हा कोटाच्या इस्त्रीबद्दल बोलतोय.

घरातून निघताना अनुसयाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोट, त्याखाली नवी पँट, पॉलिश केलेले बूट.

"अजी, त्या पोरीनं डोस्क्याचाच फोटो मांगतला ना? मंग बूट काहून घासले?"

"आतून कॉन्फिडन्स येते," फुंडेबाबू म्हणाले.

"आतून बनियान फाटली हाये, ते पाहा आंधी."

अनुसयाबाईंचा या प्रकरणाला विरोध नव्हता. नवरा काही करतो म्हणाला की ते होणार नाही, या अनुभवामुळे विरोध करायची त्यांची सवय मोडून गेली होती.

बस स्टँडजवळ दुलीचंदचा स्टुडिओ. पुढे फोटो, मागे फ्लेक्सचं मशीन. साऱ्या शहराची लग्नं, वाढदिवस, निवडणुका आणि तेरावी त्याच्या दुकानातून निघत. दुलीचंदने फुंडेबाबूंना स्टुलावर बसवलं, दिवे लावले, हनुवटी दोन बोटांनी वर केली.

"हात जोडा."

"हात कायले? हेडशॉट हाये हा."

"जोडून ठेवा जी. कामात येते. नाई लागले तर कापून टाकू."

हात कापून टाकायची भाषा फुंडेबाबूंना रुचली नाही, पण माणूस कलावंत होता. त्यांनी हात जोडले. मग एका बाजूने फोटो काढायची वेळ आली, आणि दुलीचंदने कॅमेरा खाली ठेवला.

"हे नाई जमाचं."

"काहून?"

"एकच डोया दिसते, एकच कान दिसते. असा फोटो माह्या दुकानातून गेला त लोक मनतीन, दुलीचंदनं अर्धा मानूस देल्ला. मागं एका नवरदेवाचा काढला होता बाजूनं. पोरीवाल्याईनं दुसऱ्या डोयाची चौकशी कराले मानूस पाठवला!"

शेवटी तह झाला. फुंडेबाबूंनी तोंड एका बाजूला फिरवावं, पण दुसरा डोळा जरा तरी दिसेल इतपतच. त्यामुळे दोन्ही प्रोफाइलांत फुंडेबाबू, मागून कोणी हाक मारली आणि ओ द्यावी की नाही या विचारात पडलेल्या माणसासारखे दिसतात.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. दुलीचंदच्या दुकानाची एक रीत होती: फोटो 'फिनिशिंग'शिवाय बाहेर जात नसे. गिऱ्हाइकाने सांगायची गरज नसे, तसं सांगणं उलट अपमानाचं. फुंडेबाबू चहा पिऊन येईपर्यंत त्याने त्यांचा रंग गोरा केला, नाकाजवळचा तीळ पुसला, मिशी काळी केली, कपाळावर जिथे केस असायचे तिथे पुन्हा ते उगवले, आणि मागे धबधबा सोडला. फुंडेबाबू स्क्रीनकडे बघत राहिले. इतका देखणा माणूस त्यांच्या घराण्यात झाला नव्हता. हे बरोबर नाही, असं त्यांच्या मनाने हळूच सांगून पाहिलं; पण धबधब्याच्या पुढ्यात मनाचं कोण ऐकतं! त्यांनी फोटो पाठवून दिले.

दीपिकाचं उत्तर आलं, "सर, बेटे का नहीं. अपना भेजिए."

फुंडेबाबूंना मुलगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टुडिओत. या वेळी कोटाशिवाय, कारण जखमी माणसाला कोट सहन होत नाही. "दुलीचंदभाऊ, जसा हाओ तसा पाह्यजे. तीळ वापस ठेवा."

दुलीचंदचा चेहरा पडला. "भाऊजी, मले काई बी सांगा. पन बिना फिनिशिंगचा फोटो द्या मनजे, भात न शिजवता वाढा मनल्यासारखं हाये."

"त्याईले तांदूयच पाह्यजे!"

"खाल्ल्यावर मंग माहं नाव नोका घेऊ."

फार वेळ वाद झाला. दुलीचंदने तीळ परत दिला. टक्कल अर्धं दिलं. मिशी मात्र काळीच ठेवली. म्हणाला, तेवढी माझ्याकडून. फुंडेबाबूंनी तेही पाठवले. त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच आलं नाही. शनिवार गेला. रविवार गेला. फुंडेबाबू मोबाइल हातात घेऊन जेवले, अंघोळीला जाताना तो खिडकीत ठेवला, आणि देवपूजा करताना घंटी वाजवायची राहिली. न जाणो, तेवढ्यात फोन यायचा.

सोमवारी सकाळी ते सायकलने कचेरीला निघाले. काली पुतली चौकात आले आणि त्यांनी ब्रेक लावला. मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली, ती त्यांना ऐकू आली नाही.

चौकात फ्लेक्स लागला होता. एका मजल्याएवढा. त्यावर मधोमध, पुढे कोणाचाही खांदा नाही अशा थाटात, कोट घातलेले, हात जोडलेले, गोरेपान फुंडेबाबू उभे होते. मागे धबधबा. वर लिहिलं होतं, 'सीधा-साधा, सच्चा काम – अपने वॉर्ड का चैतराम!' खाली एका कोपऱ्यात 'निवेदक', म्हणजे मतं मागणारा, म्हणून वीरेंद्रचा फोटो होता, मोबाइल कानाला लावलेला.

झालं होतं ते असं. वीरेंद्र दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढायला स्टुडिओत गेला, तिथे स्क्रीनवर त्याला हात जोडलेले फुंडेबाबू दिसले, आणि त्याच्या मनात जी शंका होती तिचा पुरावा मिळाला. शेजारी नगरसेवक व्हायला निघाला आहे आणि लाजेपायी बोलत नाही, हे ओळखून त्याने सरप्राइज दिलं. दुलीचंदलाही वाटलं, एवढा चांगला फोटो वाया जाण्यापेक्षा बरं.

कचेरीत साहेबांनी बोलावलं. सरकारी नोकर राजकारणात भाग घेऊ शकत नाही, यावर साहेब बराच वेळ बोलले. फुंडेबाबूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी गळ्याशी आलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "सर, निवडणूक नाही. मला अ‍ॅक्टिंग करायचं आहे."

  साहेबांनी चष्मा काढला.

"निवडणुकीचं एक वेळ समजू शकतो, फुंडे," साहेब म्हणाले. "पण हे?"

आणि त्यासाठीही परवानगी लागेल, असं सांगून झाल्यावर, फुंडेबाबू दारापर्यंत पोचले तेव्हा साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचा रोल आहे का हो त्यात?"

आता फ्लेक्स उतरवायला हवा होता. वीरेंद्र म्हणाला, "आता उतरवला त लोक मनतीन तुमी बसले. चार दिवस राहू द्या, मंग तुमी समर्थन द्या कोनाले तरी." फुंडेबाबू नगरपालिकेत परवानगीच्या खिडकीवर गेले, तर तिथल्या माणसाने सांगितलं, की या फ्लेक्सची परवानगी कोणी घेतलेलीच नाही. आमच्या हिशेबाने तो लागलेलाच नाही. मग काढायचा कसा? आधी लावायची परवानगी घ्या, म्हणजे काढायचा अर्ज करता येईल. "मैं इसमें क्या कर सकता हूँ?" असं तो शेवटी म्हणाला. ते वाक्य समोरून ऐकायला किती वाईट वाटतं, हे फुंडेबाबूंना तेव्हा प्रथम कळलं.

कॉलनीत मात्र त्यांचा भाव वाढला. गल्लीतल्या मैनाबाई तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत आल्या. अनुसयाबाईंनी तक्रार ऐकून घेतली, नाली बघून आल्या, आणि "मी सांगतो त्याईले" असं म्हणून मैनाबाईंना वाटेला लावलं. नवरा निवडून आलाच असता तर काम कोण करणार, हे त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना समजलं.

आणि मग बुधवारी फोन वाजला.

"सर! काली पुतली चौक पे आप ही हैं ना?" दीपिका म्हणत होती. "हमारी गाड़ी वहीं से निकली. डायरेक्टर सर ने देखते ही गाड़ी रुकवाई. बोले, यही चेहरा चाहिए! कल उकवा आ जाइए."

फुंडेबाबू खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. सगळा अपमान धुऊन निघाला. त्यांनी वीरेंद्रला मिठी मारली, दुलीचंदला फोन करून तिळाबद्दल माफी मागितली, रजा टाकली. दोन्ही डायलॉग त्यांनी घरभर हिंडत इतक्या तऱ्हांनी म्हणून पाहिले, की अनुसयाबाई शेवटी म्हणाल्या, "समजलं, बापा! सरकारीच हाये थे जमीन!"

सकाळच्या बसने दोघं उकव्याला निघाले. अनुसयाबाई सोबत आल्या, कारण फुंडेबाबू आनंदात असले की जेवायला विसरतात आणि मग त्यांना चक्कर येते. बसमध्ये डब्याची पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि कोट फुंडेबाबूंच्या, घडी मोडू नये म्हणून.

गावाबाहेर एका घरात शूटिंग होतं. दीपिका धावत आली, "आइए, सर" म्हणाली, आणि त्यांना आत ओसरीत घेऊन गेली. फुंडेबाबूंनी कोट चढवला, घसा साफ केला, आणि समोर पाहिलं.

भिंतीवर त्यांचा फोटो टांगला होता. फ्लेक्सवरचाच, धबधबा काढून टाकला होता. फोटोला मोठा चंदनाचा हार घातलेला होता, आणि खाली उदबत्ती जळत होती.

"स्वर्गीय सरपंचजी," दीपिका आनंदाने म्हणाली. "पूरे सीज़न में आप ही आप हैं, सर! हर एपिसोड में दीवार पे."

"और पटवारी?" फुंडेबाबूंनी विचारलं.

"वो तो भोपाल से आ गए."

 फुंडेबाबूंनी कोटाचं एक बटण लावलं, मग काढलं. पडद्यावर मधोमध दिसावं, पुढे कोणाचा खांदा नसावा, असं त्यांनी मागितलं होतं, आणि अगदी तसंच मिळालं होतं. आता तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? पण त्यांना फार वाईट वाटलं. भरल्या ओसरीत त्यांना एकदम एकटं वाटलं.

अनुसयाबाईंचं लक्ष तोपर्यंत डब्याकडे होतं. त्यांनी वर पाहिलं. हार पाहिला. उदबत्ती पाहिली. मग डबा खाली ठेवला.

"काढा थो हार!"

"अम्मा, ये तो शूटिंग का है..." दीपिका म्हणाली.

"माहा मानूस इथं जित्ता उभा हाये आन् तुमी त्याले हार घालून राह्यले? कोनाले इचारून घातला? मले इचारलं? या मानसाले मी जेवाले घालतो, मी याच्या बटना शिवतो, याच्या खोकल्याले मी रातभर जागतो. आन् याले मारून कोन राह्यलं, त तुमी!"

सगळे थांबले. दिवे धरणारे, तारा ओढणारे, सगळे. टोपी घातलेला दिग्दर्शक पुढे आला. सरपंचाच्या विधवेचं काम करायला आलेली नटी सकाळपासून फार सुंदर रडत होती आणि तो वैतागला होता. तो अनुसयाबाईंना हात जोडून म्हणाला, "माँजी, यही बात, ऐसे ही, आप फोटो से कह देंगी?"

अनुसयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फुंडेबाबूंना एक क्षण, खरं सांगायचं तर, मत्सर वाटला. मग त्यांनी मान हलवली. आपण नाही तर घरातलं कोणीतरी डायलॉग म्हणेल.

"करतो," अनुसयाबाई म्हणाल्या. "पन हे माह्या समोर उभे राह्यले पाह्यजे. दिसले पाह्यजे मले. आन् झाल्यावर हार मी सोता काढन."

तर फुंडेबाबू कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले, आणि अनुसयाबाई फोटोपुढे. कोणीतरी ओरडलं, पाटी वाजली. अनुसयाबाई फोटोकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या, की फुंडेबाबूंना वाटलं, विसरली.

"चांगले जाऊन बसले भितीवर," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "सांगतलं बी नाई. दवाईची पुडी तशीच हाये खिडकीत, एक बी गोयी नाई खाल्ली. मी मनो, खाल्ली का, तुमी मना, हौ. खोटारडे." त्या फोटोच्या आणखी जवळ गेल्या. "गोरे बी झाले तिकडं जाऊन. माहा मानूस असा नव्हता. माह्या मानसाच्या नाकापाशी तीळ होता, आन् कपाय असं मोठं, तेल लावलं का चमके. थो मले पाह्यजे. हा कोन्ता आनून टांगला?"



"संध्याकायी गल्लीत सायकलची चेन वाजे," अनुसयाबाई म्हणाल्या. "तेवढी वाजली का मी चहा ठेवो. येवढे वरीस त्याच आवाजावर ठेवला, घडी नाई पाह्यली. आता कोनाच्या आवाजावर ठेवू, सांगा. कवा ठेवू मी चहा?"

"अवं, ठेव ना!" कॅमेऱ्यामागून फुंडेबाबू ओरडले. त्यांचे डोळे वाहत होते आणि वीरेंद्रच्या कोटाला ते पुसत होते. "आलो ना मी! हा इथंच त हाओ! ठेव तू चहा!"

दिग्दर्शकाने टोपी काढून जमिनीवर आपटली. "शॉट के बीच में कौन बोला?"

"सर," दीपिका नाक पुसत म्हणाली, "स्वर्गीय सरपंचजी."

अनुसयाबाईंनी तोवर फोटोवरचा हार काढला होता, आणि इथे चूल कुठे आहे म्हणून त्या विचारत होत्या.